३०१८ छोटी सीएनसी मशीन: तिच्यावर थरांची लाकडी पेटी बनवली, त्यानंतरचा रिव्ह्यू

ही मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या सूचनेनुसार फिरत्या बिटने लाकूड कोरणारी-कापणारी, घेऊन आठ महिने झाले. सुरुवातीला सगळे करतात तेच केलं, नावाच्या पाट्या, की-चेन, एक-दोन कोस्टर. त्यावर रिव्ह्यू लिहिण्यासारखं काही नव्हतं, कारण पाटी कुठलीही मशीन कोरते. पण आजोबांचं खिशातलं घड्याळ, त्यांचा चष्मा आणि आजीची काही पत्रं इतकी वर्षं एका पत्र्याच्या डब्यात पडून होती, त्यांच्यासाठी एक नीट पेटी करायची मनात होती. ती आता झाली, आणि ती करताना ही मशीन काय करू शकते आणि काय नाही ते खऱ्या अर्थाने कळलं, म्हणून हे लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाहीये, कारण हाच आराखडा कितीतरी नावांनी विकला जातो आणि आतले पार्ट बहुतेक तेच असतात.

३०१८ म्हणजे काय तर बेडची काम करायची जागा साधारण ३०० बाय १८० मिमी, आणि उंचीला हालचाल ४५ मिमीच्या आसपास. स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारा भाग, ही ७७५ नंबरची डीसी मोटर, २४ व्होल्टवर चालणारी, लोड नसताना दहा हजार आरपीएमच्या आसपास फिरते. बिट धरायला ईआर११ कॉलेट. कंट्रोलर बोर्डावर जीआरबीएल, जे २००९ पासून चालत आलेलं ओपन सोर्स फर्मवेअर (बोर्डावरचं, मशीन चालवणारं, सगळ्यांना खुलं सॉफ्टवेअर) आहे, आणि त्यामुळे सॉफ्टवेअरच्या बाबतीत तुम्ही कंपनीवर अवलंबून राहत नाही, ही या मशीनची माझ्या मते सगळ्यात मोठी जमेची बाजू. मी ड्रॉइंग इंकस्केपमध्ये करतो आणि जी-कोड (मशीनला हालचालीच्या सूचना) पाठवायला युनिव्हर्सल जी-कोड सेंडर वापरतो. सोबत आलेल्या सीडीला हातही लावला नाही.

आता कमकुवत बाजू सगळ्यांना माहितीच आहे. फ्रेम हलकी, स्पिंडल हलका, जोरात खोल कट घेतला की सगळं थरथरतं आणि कडा खरबरीत येते. जाड लाकडाचा ठोकळा घेऊन आतून कोरून पेटी करायची म्हटलं तर या मशीनवर ते होणारच नाही, कारण ६० मिमी उंचीची पेटी आतून पोखरायला तेवढा लांब बिट लागतो, तो लांब बिट वर उचलायला अजून तेवढीच जागा लागते, आणि ४५ मिमीत हे बसतच नाही. लांब बिट वाकतो ते वेगळंच.

पण पेटी थरांची केली की हे सगळे प्रश्न निघूनच जातात. म्हणजे असं की ६ मिमीच्या फळीतून एकेक चौकट कापायची, बाहेरून १५० बाय १००, भिंत ८ मिमी, आत १३४ बाय ८४ची मोकळी जागा. अशा आठ चौकटी एकावर एक चिकटवायच्या, खाली एक अखंड तळ, वर झाकण, आणि झाकणाच्या खालच्या बाजूला आत बसणारा एक पातळ थर. एकूण अकरा तुकडे. मशीनला कधीच ६ मिमीपेक्षा खोल जावं लागत नाही. जी मशीन खोल कामाला नालायक आहे तीच मशीन या कामाला अगदी फिट बसते, आणि मला वाटतं ३०१८ घेणाऱ्या प्रत्येकाने पाट्यांनंतर दुसरी वस्तू हीच करावी.

माझी पेटी साग आणि मेपलची, एक थर गडद एक थर फिका. सागाबद्दल दोन गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. एक तर त्यात सिलिका असते, त्यामुळे बिट लवकर बोथट होतो, मेपलच्या चार चौकटी एका बिटने आरामात झाल्या पण सागाच्या तिसऱ्या चौकटीलाच कडेवर जळका तपकिरी रंग यायला लागला. दुसरं म्हणजे साग तेलकट, गोंद धरायला कुरकुर करतो, म्हणून चिकटवायच्या अगदी थोडं आधी फडक्यावर ॲसिटोन घेऊन दोन्ही बाजू पुसायच्या. फडकं पिवळट होतं, ते तेल.

सोबत मिळणारे बिट बाजूला ठेवा. ते टोकदार व्ही बिट असतात, अक्षरं कोरायचे, त्यांनी चौकट कापायला गेलात तर धूर निघेल. ३.१७५ मिमी शँकचा (दांड्याचा) दोन फ्लूटचा (धारेच्या खाचांचा) साधा एंड मिल, म्हणजे सपाट टोकाचा कापायचा बिट घ्या. अपकट (भुसा वर काढणारा) की डाउनकट (भुसा खाली ढकलणारा) यावर बरीच चर्चा होते. माझं असं झालं की डाउनकटने वरची कडा छान आली पण भुसा खाचेतच दाबून बसला आणि बिट तापला, अपकटने भुसा बाहेर आला पण वरच्या कडेला केसांसारखे रेषे उभे राहिले. कॉम्प्रेशन बिट (खाली अपकट, वर डाउनकट) या दोन्हीवर उपाय म्हणून सांगतात पण त्याचा फायदा मिळायला पहिलाच पास (बिटाची कापायची एक फेरी) खोल घ्यावा लागतो आणि या मशीनला ते झेपत नाही. शेवटी अपकटच ठेवला, लाकडावर मास्किंग टेप लावली आणि पहिला पास फक्त ०.३ मिमीचा घेतला. रेषे जवळजवळ गेले, जे राहिले ते पॉलिश पेपरने दोन मिनिटांत.

बाकीचे पास ०.७ मिमी, फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, ६०० मिमी प्रति मिनिट. एका चौकटीला चौदा-पंधरा मिनिटं लागतात, आठ चौकटींना दोन तास, तळ-झाकण धरून तीन तासांच्या आत कापणं संपतं. यापेक्षा जास्त वेळ फळ्या ६ मिमीला सपाट करण्यात आणि नंतर गोंदात जातो, तेव्हा मशीन स्लो आहे ही तक्रार या कामापुरती तरी मी करणार नाही.

लाकूड बेडवर धरायला क्लॅम्प वापरू नका, छोट्या बेडवर क्लॅम्प सतत बिटाच्या वाटेत येतो. बेडवरच्या एमडीएफवर मास्किंग टेप, फळीच्या खाली मास्किंग टेप, आणि दोन्हीच्या मध्ये सुपरग्लू. घट्ट बसतं, टॅब (तुकडा धरून ठेवणारे न कापलेले छोटे पूल) ठेवायची गरज नाही, चौकट सुटली तरी आतला तुकडा जागचा हलत नाही. फक्त काढताना जपा. माझी पहिली चौकट काढताना कट्ट करून मोडली, मशीनवर नाही, माझ्या हातात. त्याचं कारण नीट बघण्यासारखं आहे. लाकडाच्या रेषा १५० मिमीच्या लांबीने जातात, म्हणजे चौकटीच्या लांब बाजू मजबूत, पण आखूड बाजूंमध्ये त्याच रेषा ८ मिमीच्या पट्टीला आडव्या येतात, तिथे लाकूड बिस्किटासारखं तुटतं. मी एका कोपऱ्यातून उचलली आणि आखूड बाजू गेली. आता पातळ पत्र्याची पट्टी खालून सगळीकडे सरकवून मग उचलतो. चिकटवल्यानंतर ही भीती राहत नाही, आठ थर एकमेकांना धरतात.

कुणाला वाटेल मग एका थराच्या रेषा उभ्या आणि पुढच्याच्या आडव्या ठेवाव्यात, प्लायवूडसारखं. असं करू नका. लाकूड हवेतल्या दमटपणाने रुंदीला फुगतं आणि आकसतं, रेषांच्या लांबीने जवळजवळ काहीच हलत नाही. आडवे-उभे थर चिकटवले की एक थर रुंद व्हायला बघतो आणि शेजारचा त्याला सोडत नाही, प्लायचे थर पातळ असतात म्हणून तिथे चालतं, ६ मिमीच्या अख्ख्या लाकडात कुठेतरी फट पडणारच. सगळ्या थरांची दिशा एक ठेवली की पेटी एकत्रच श्वास घेते. झाकणाचंही तेच, त्याच्या रेषाही पेटीच्या दिशेनेच ठेवल्या तर पेटीचं तोंड आणि झाकण सोबत फुगतात, सोबत आकसतात. मी झाकणाच्या आतल्या थराला प्रत्येक बाजूने ०.२५ मिमी मोकळीक ठेवली, म्हणजे १३३.५ बाय ८३.५. झाकण सोडलं की आतली हवा दाबत सावकाश खाली बसतं, आणि पावसाळी दमट हवेतही अजून अडकलं नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नाही.

सगळ्या चौकटी कापून झाल्या, गोंद न लावता एकावर एक रचून बघितल्या. मेपलच्या तीन चौकटींना खालच्या बाजूला जास्त सुंदर रेषा होत्या म्हणून त्या मी उलट्या करून ठेवल्या. रचल्यावर बाहेरून बोट फिरवलं तर त्या तीन ठिकाणी कोपऱ्यावर नख अडकतं. अर्धा मिमी. एका कोपऱ्यात बाहेर, शेजारच्या कोपऱ्यात आत. मला वाटलं मोटरने स्टेप्स (फिरण्याची ठरावीक छोटी पावलं) सोडल्या असणार, एक चौकट पुन्हा कापली, उलटी ठेवली, परत तोच अर्धा मिमी आणि त्याच कोपऱ्यात. स्टेप्स सुटल्या असत्या तर चूक दरवेळी वेगळी आली असती. मग व्हर्नियर बाजूला ठेवून स्टीलच्या पट्टीने कर्ण मोजले, दोन कर्णांत जवळजवळ ०.९ मिमीचा फरक. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, पण काटकोन नाही. मशीनचा एक्स (डावी-उजवीकडचा) अक्ष वाय (पुढे-मागे) अक्षाला बरोबर ९० अंशात नव्हता, ०.३ अंशाने कललेला होता, त्यामुळे माझी प्रत्येक चौकट आयत नव्हतीच, थोडासा कललेला समांतरभुज चौकोन होता. सगळ्या एकाच बाजूने रचल्या तर सगळ्या सारख्याच कललेल्या, एकमेकांवर तंतोतंत बसतात, डोळ्याला काहीच दिसत नाही. एक उलटी केली की ती विरुद्ध बाजूला कलते आणि फरक दुप्पट होऊन समोर येतो.

यातून दोन गोष्टी मी कायमच्या पक्क्या केल्या. पहिली, मशीन जोडून झाली की बिटाच्या जागी पेन बांधायचा, कागदावर १५० बाय १००चा आयत काढायचा आणि दोन्ही कर्ण मोजायचे. फरक आला तर उभी फ्रेम खालच्या फ्रेमला जिथे जोडली आहे तिथले बोल्ट थोडे सैल करून, हलकं ढकलून, परत कसायचे. माझ्याकडे तीन प्रयत्नांत ०.९ वरून ०.२ वर आलं. सोबतच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही, आणि हा माझा या मशीनवरचा सगळ्यात मोठा राग आहे, कारण पाटी कोरणाऱ्याला हे कधीच कळणार नाही आणि पेटी करणाऱ्याला लाकूड वाया गेल्यावर कळेल.

दुसरी गोष्ट पेगच्या (छोट्या खुंट्यांच्या) भोकांची. थर गोंद लावून क्लॅम्पमध्ये दाबले की गोंद ओला असेपर्यंत ते साबणासारखे घसरतात, म्हणून प्रत्येक चौकटीत ४ मिमीची भोकं ठेवून त्यात लाकडी पेग घालतात. भोकं कोपऱ्यात घ्यायची, तिथे लाकूड जास्त असतं. पण चारही कोपऱ्यांत नाही, फक्त समोरासमोरच्या दोन, म्हणजे एका कर्णावरच्या. असं केलं की चौकट उलटी करून ठेवायला गेलात तर भोकं दुसऱ्या कर्णावर जातात आणि पेग बसतच नाही. अर्धी गोल फिरवली, म्हणजे पुढची बाजू मागे नेली, तर पेगही बसतो आणि कललेला आकारही जुळतो, कारण समांतरभुज चौकोन अर्धा फिरवला तरी तसाच दिसतो. दोन भोकं तुम्हाला नेमकी तीच चूक करू देत नाहीत जी मी केली, बाकी सगळं करू देतात. हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं की त्या रात्री सगळ्या फायली परत बनवल्या. वरच्या चौकटीवर पेगची दोन गोल तोंडं दिसतात, सागात मेपलची, ती लपवायला काहीतरी करणार होतो पण आता मला ती आवडतात.

मशीनच्या बाकी तक्रारी थोडक्यात. झेड (उभ्या) अक्षाचा कपलर, म्हणजे मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग, दुसऱ्याच दिवशी सैल झाला आणि एका फळीत बिट खोल घुसला, तेव्हा जोडताना सगळे छोटे स्क्रू स्वतः परत कसा, कारखान्यातून कसून येतात असं धरू नका. माझ्या मॉडेलला लिमिट स्विच (हालचालीचं टोक ओळखणारे) नाहीत, त्यामुळे मध्येच वीज गेली की मशीनला आपण कुठे होतो ते आठवत नाही. यावर मी फळीच्या वाया जाणाऱ्या कोपऱ्यात सुरुवातीलाच बिटाने एक बारीक खूण करून ठेवतो, तिथून शून्य परत धरता येतो. यूएसबीचं कनेक्शन एकदा मध्येच तुटलं, स्पिंडल चालू-बंद होताना येणाऱ्या विजेच्या गडबडीमुळे असं होतं, जाड शील्ड असलेली आणि आखूड केबल लावल्यापासून झालेलं नाही. पहिल्या दिवशी अजून एक गोष्ट तपासा, १०० मिमी हलायला सांगा आणि खरंच १०० हलते का मोजा. या मशीनच्या मोटरला एका फेऱ्याला २०० स्टेप्स, ड्रायव्हर त्याचे १६ भाग करतो म्हणजे ३२००, आणि एका फेऱ्यात स्क्रू ४ मिमी पुढे नेतो, म्हणून सेटिंगमध्ये मिमीला ८०० स्टेप्स असायला हव्यात. माझ्याकडे तिन्ही अक्षांना बरोबर होत्या, हे कंपनीला नक्की द्यायला हवं.

भुशाचं मात्र गंभीरपणे घ्या. लाकडाचा बारीक भुसा १९९५ पासून आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या) यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये. मशीन छोटी आहे म्हणून भुसा कमी धोक्याचा होत नाही, उलट ती घरात टेबलावर ठेवली जाते. व्हॅक्युमचं नळकांडं बिटाजवळ बांधा, चांगला मास्क लावा, डोळ्यावर गॉगल. पॉलिश पेपर मारताना तर नक्कीच, तेव्हाचा भुसा सगळ्यात बारीक.

गोंद सुतारकामाचा साधा पांढरा, पातळ थर, एका वेळी चारच चौकटी. अकरा तुकडे एकदम लावायला गेलात तर शेवटचा लावेपर्यंत पहिला धरायला लागलेला असतो. आतल्या बाजूला ओघळलेला गोंद ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसा, सुकल्यावर त्या कोपऱ्यात पटाशीही नीट जात नाही. बाहेरून १२०, मग १८०, मग २४० चा पेपर, काचेवर चिकटवून, पेटी त्यावर घासायची, पेपर पेटीवर नाही. १८०ला थरांच्या रेघा एकसारख्या दिसायला लागतात आणि तेव्हा पहिल्यांदा वाटतं की ही अकरा तुकड्यांची नाही, एक वस्तू आहे.

बाहेरून जवसाचं तेल दिलं. ती तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, सुकताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात, मोकळी पसरून वाळवा. आतून तेल नाही दिलं, बंद पेटीत तेलाचा वास महिनोन्महिने राहतो, आत लाखेचं शेलॅक लावलं. आणि आठवणीच्या वस्तू ठेवणार असाल तर हे दोन लक्षात घ्या. लाकूड हळूहळू आम्ल सोडत राहतं, जुना कागद थेट लाकडाला टेकून ठेवला तर पिवळा पडतो, म्हणून आजीची पत्रं मी आधी आम्लविरहित कागदात गुंडाळली. आणि तळाला लोकरीचं फेल्ट लावू नका, लोकरीत गंधक असतं, चांदी काळी पडते. आजोबांच्या घड्याळाची साखळी चांदीची आहे, म्हणून खाली सुती कापड घातलं. घड्याळ चालत नाही, पण त्याच्या मापाची जागा मध्ये कापली आहे, झाकण उघडलं की ते आता इकडेतिकडे घरंगळत नाही.

मशीन घ्यावी का? पेटी, चौकटी, जडावकाम, थरांच्या वस्तू करायच्या असतील तर हो, ५ पैकी ४. मोठ्या फळ्या, धातू, किंवा रोज दहा वस्तू विकायला करायच्या असतील तर नाही, तिथे ही तुम्हाला दमवेल. एक स्टार फक्त त्या पुस्तिकेसाठी आणि सैल स्क्रूंसाठी कापला.

चौकटींच्या आतून निघालेले आठ तुकडे टाकू नका. ते साधारण १२७.६ बाय ७७.६चे निघतात, म्हणजे त्यांच्याच पुन्हा चौकटी कापल्या की पहिल्या पेटीच्या आत बसेल अशी दुसरी छोटी पेटी होते, तेच लाकूड, त्याच रेषा. माझी छोटी सध्या क्लॅम्पमध्ये आहे, या वेळी कर्ण आधी मोजलेत, उद्या सकाळी काढतो.